‘वरून व्होल्टेज आलं’ हे वाक्य माझंही आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाचं पत्र होतं. एका रात्रीत घरातला टीव्ही, फ्रिज आणि मिक्सर गेले. वायरमन म्हणाला, वरून व्होल्टेज आलं, म्हणजे दोष कंपनीच्या लाइनचा. तर आता वीज कंपनी भरपाई देणार की नाही, असा त्यांचा सवाल. त्यांच्या इमारतीत नेमकं काय झालं ते मी पाहिलेलं नाही, आणि कंपनीची वकिली करायला मी काही तिचा जावई नाही. पण वायरमनचं ते वाक्य वाचून चहा गार झाला. कारण हेच वाक्य मी एका सोसायटीच्या जिन्यात उभा राहून शब्दशः बोललो होतो, आणि ते खोटं होतं.

सातपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं केली, काही वर्षं अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो, मग स्वतःची कामं. म्हणजे ही गोष्ट शिकाऊ असतानाची नाही. मे २०१४. गंगापूर रोडच्या बाजूची तीन मजली इमारत, नऊ घरं, थ्री फेज कनेक्शन, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा आणि परतीची एक सामाईक तार, न्यूट्रल. एकेका मजल्याला एकेक फेज. मीटरच्या खोलीतले चिनीमातीचे जुने किटकॅट फ्यूज काढून एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारे स्विच, बसवायचे आणि मेनच्या केबलला नवे लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसणारे धातूचे तुकडे, मारायचे, एवढंच काम. रविवार होता, लाइट बंद, नऊ घरांतले लोक उकाड्याने जिन्यात येऊन ‘झालं का हो’ विचारत होते. तिन्ही फेजचे नट पान्याने आवळले. न्यूट्रलचा नट बोटाने फिरवून बसवला आणि तेवढ्यात वरून चहा आला. चहा प्यायलो, कव्हर लावलं, मेन चालू केला. पाना बशीशेजारीच राहिला होता.

टेस्टर लावून तिन्ही फेज पाहिले, तिन्ही पेटले. व्होल्टेज मोजायचा मीटर लावला असता तरी तेव्हा २३० व्होल्टच दाखवलं असतं. बोटाने आवळलेला नट कमी लोडवर गुण्यागोविंदाने नांदतो. रात्री साडेआठला सगळ्यांचे पंखे, टीव्ही, पहिल्या मजल्यावरचे दोन एसी चालू झाले. तो सांधा तापला, ठिणग्या टाकू लागला आणि शेवटी न्यूट्रल सुटला.

न्यूट्रल सुटला की काय होतं हे जरा सांगतो, कारण लोकांना वाटतं तार तुटली म्हणजे लाइट जाईल. थ्री फेजमध्ये तसं होत नाही. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात, आणि न्यूट्रल जाग्यावर असतो म्हणूनच प्रत्येक घराला २३० मिळतात. तो सुटला की दोन मजले एकमेकांना जोडल्यासारखे होतात आणि व्होल्टेज लोडप्रमाणे वाटलं जातं. ज्याचा लोड जास्त, त्याचे दिवे मंद. ज्याचा लोड कमी, त्याच्या वाट्याला ३०० काय, ३५० काय. तिसऱ्या मजल्यावरची दोन कुटुंबं लग्नाला गेली होती, घरात फक्त फ्रिज चालू. मार त्यांच्यावर बसला. एमसीबी पडले नाहीत, कारण एमसीबी करंट पाहतो. शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी करंटची गळती पाहतो. व्होल्टेज दोघंही पाहत नाहीत, त्यासाठी वेगळं यंत्र लागतं आणि ते तिथे नव्हतं.

मी पोचलो तेव्हा खोलीत जळक्या पीव्हीसीचा वास होता. कव्हर काढताच कळलं. न्यूट्रलचा लग काळानिळा, तारेवरचं आवरण इंचभर मागे वितळलेलं. माझा हेल्पर बॅटरी धरून उभा होता, त्यालाही कळलं. मी लग कापला, नवा मारला, या वेळी पान्याने आवळला, काजळी फडक्याने पुसली आणि जळका लग खिशात टाकला. सेक्रेटरी जिन्यात आले. ते निवृत्त शिक्षक, सगळे मास्तर म्हणायचे. त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘वरून व्होल्टेज आलं.’ विचार करावाच लागला नाही, इतकं ते वाक्य आमच्या धंद्यात जिभेवर असतं.

दुसऱ्या दिवशी तक्रार गेली, लाइनमन आला. बिचाऱ्याने चार शिव्या खाल्ल्या, तिन्ही फेज मोजले, सगळे व्यवस्थित. मग त्याने कव्हर काढलं. कालच्या तीन लगांवर एका दिवसाची धूळ तरी होती, चौथा लख्ख. त्याने माझ्याकडे पाहिलं, कव्हर परत लावलं आणि गेला. सगळ्यांसमोर बोलला असता तर मी भांडलो असतो.

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या टेबलावर तो जळका लग ठेवला आणि झालेलं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘बाकीचे नट परत तपासलेत का?’

तपासले नव्हते. तपासणार कसा? दोष वरचा म्हटल्यावर मी डबी पुन्हा उघडायचं कारणच उरलं नव्हतं. त्याच पावली खाली गेलो. एका फेजचा नट पान्याला अर्धा आटा फिरला. तोही पुढेमागे तापलाच असता, आणि शेजारी लाकडी फळी होती. खोटं बोलून माझी लाज वाचली असती, हे एक. पण त्या खोट्यामुळे तो दुसरा नट तसाच राहिला असता, हे मला मास्तरांनी विचारेपर्यंत सुचलंही नव्हतं.

दोन कॉम्प्रेसर, एक टीव्ही आणि किरकोळ मिळून २६,५०० रुपये मी हप्त्याने फेडले. लग्नाहून परतलेल्या काकूंनी फ्रिजमधल्या आमरसाचे पैसे मागितले नाहीत, पण त्याबद्दल बोलल्या मात्र भरपूर.

तेव्हापासून प्रत्येक नट आवळला की त्यावर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून मार्करने एक रेघ ओढतो. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ नाही तर कव्हर नाही. तासाभराने लोडवर तिन्ही फेज मोजतो. आणि मीटरच्या खोलीत तारखेची चिठ्ठी लावतो, काय केलं आणि कुणी केलं. ग्राहकांनी ही चिठ्ठी मागून घ्यावी. कुरकुर करणाऱ्या वायरमनला चहा जरा उशिरा द्यावा.

आता थोडं आपल्याबद्दल, संपादक महोदय. दुकान जळालं की दुसऱ्या दिवशी बातमीत ‘शॉर्टसर्किटमुळे आग’ असं छापून येतं. राख गार व्हायच्या आत हे कुणाला कळतं? पुष्कळदा आधी सांधा ढिला असतो, तो तापतो, आवरण वितळतं आणि शॉर्ट त्यानंतर होतो. ‘शॉर्टसर्किट’ हे आपलं ‘वरून व्होल्टेज आलं’ आहे. त्यात कुणाचाच हात नसतो. सिंहस्थ तोंडावर आहे. साधुग्रामात, घाटांवर, मंडपांत रात्री-बेरात्री तात्पुरत्या जोडण्या होतील, घाईत होतील, आणि करणारे माझ्यासारखेच असतील. तेव्हा कुठे काही झालं तर बातमीदाराने एवढं विचारावं की कोणता सांधा होता आणि तो शेवटचा कुणी तपासला होता.

नाव छापू नये ही विनंती. कबुली द्यायची आणि नाव झाकायचं हे विचित्र दिसतं, कळतं मला. पण माझ्या नावाबरोबर त्या सोसायटीचंही नाव गावभर होईल. तिथल्या नऊही घरांना मी कोण ते ठाऊक आहे. सात घरं अजून मला बोलावतात. दोघांनी पुन्हा बोलावलं नाही.

आपला,
एक वायरमन, सातपूर, नाशिक
(नाव व पत्ता पत्रासोबत दिला आहे.)