सूचना : पॅरिस सहल – ऑस्कर वाइल्डची कबर

सभासदांनी कृपया नोंद घ्यावी. आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डची कबर पेर लाशेज दफनभूमीत आहे, पण त्याच नावाच्या मेट्रो स्टेशनावर उतरू नका. तिथून चढ लागतो. ३ नंबरच्या लाइनने गाम्बेताला उतरा आणि दफनभूमीच्या वरच्या दाराने आत या. कबर ८९व्या विभागात आहे. आत दगडी गोट्यांचे रस्ते आहेत, तेव्हा उंच टाचा नकोत.

वाइल्ड वारला ३० नोव्हेंबर १९०० रोजी आणि पुरला गेला पॅरिसजवळच्या बान्यूच्या दफनभूमीत, अगदी स्वस्तातल्या अंत्यविधीने. अवशेष इथे आले १९०९ मध्ये. कबरीवरचा पंखवाला देवदूत शिल्पकार जेकब एपस्टाइनने एकाच चुनखडीच्या दगडातून कोरला. वाइल्डचा मित्र रॉबी रॉस याच्या अस्थीही १९५० पासून याच कबरीत आहेत, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

लिपस्टिक लावलेल्या ओठांनी कबरीचे चुंबन घेऊ नये, ही खास विनंती. लिपस्टिकमधला तेलकटपणा चुनखडीत मुरतो. तो काढताना दर वेळी दगडाचा थर झिजतो. म्हणूनच २०११ मध्ये भोवती काच बसवली. आता लोक काचेवर ओठ टेकवतात, निदान ती पुसता तरी येते. फोटो तिरका काढा, समोरून काचेत आपणच दिसतो. मागचा कोरीव मजकूर वाचायला विसरू नका.