मातृभाषेतला पेपर म्हणजे फक्त आठवणी नव्हेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशात स्थायिक झालेल्यांच्या मातृभाषेतल्या पेपरांवर लेख होता तो वाचला, मस्त जमलाय, पण असे पेपर गावाकडच्या आठवणींवरच चालतात असं जे त्यात सरसकट ठोकून दिलंय ते काही पटलं नाही बुवा. अमेरिकेतला पहिला नॉर्वेजियन पेपर घ्या ना, ‘नॉर्डलिसेट’, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स. त्याचा पहिला अंक निघाला २९ जुलै १८४७ ला, विस्कॉन्सिनमधल्या मस्कीगो वसाहतीत, ईव्हन हेग नावाच्या शेतकऱ्याच्या ओंडक्यांच्या घरात छापून. आणि त्या पहिल्याच अंकात छापलं काय, तर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा, भाषांतर करून!

हे का, तर तेव्हा विस्कॉन्सिन अजून राज्य झालेलं नव्हतं, राज्यघटना बनवणं चालू होतं आणि पेपरचे संपादक जेम्स डेनून रेमर्ट (वडील नॉर्वेजियन, आई स्कॉटिश) त्याच वर्षाअखेर भरलेल्या घटना परिषदेत स्वतः प्रतिनिधी होते. मे १८४८ मध्ये राज्य झालं आणि नवीन घटनेनुसार बाहेरून आलेल्या गोऱ्या पुरुषाने नागरिक व्हायचा इरादा नुसता जाहीर केला की त्याला मत देता यायचं. आता बघा, नॉर्वेत त्या काळी मताला जमीनजुमला नाहीतर हुद्दा लागायचा, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणाऱ्याला कोण विचारतंय, आणि इथे तोच माणूस इंग्रजी येत नसताना मतदार होणार, मग त्याला राज्यकारभार कसा चालतो ते कुठल्या भाषेत सांगणार? त्याच्याच ना. थोडक्यात या पेपरात मातृभाषा अमेरिकन होण्यासाठी कामाला लावली होती, नॉर्वे जपायला नाही.

ही माणसं लिहायला मागे हटणारी नव्हतीच म्हणा. १८४५ मध्ये, पेपर निघायच्या आधीच, मस्कीगोच्या ८० जणांनी सह्या करून एक खुलं पत्र नॉर्वेला पाठवलं होतं आणि ते तिथल्या ‘मॉर्गनब्लाडेट’ या पेपरमध्ये छापूनही आलं. तिकडे अमेरिकेला जाणाऱ्यांना नावं ठेवणं चालू होतं, त्याला हे उत्तर होतं: श्रीमंत व्हायची आशा आम्ही धरलेली नाही, पण इथे स्वातंत्र्य आणि समानता आहे. दलदलीत मलेरियाने हैराण झालेली माणसं हे लिहितायत! संपादकांना पत्र लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून भारी वाटतं.

‘नॉर्डलिसेट’ सुरुवातीला कुठल्या पक्षाचा नव्हता, मग १८४८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्री सॉइल पक्षाच्या बाजूने उतरला. नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको आणि स्वतः कसणाऱ्याला जमीन फुकट द्या अशी त्या पक्षाची मागणी, म्हणजे या शेतकऱ्यांच्या दारातलाच विषय. त्यांचा उमेदवार व्हॅन ब्यूरन हरला ते सोडा. खरा घोळ पैशाचा होता, वर्गणीदार मोजून काहीशे, एवढ्यात छापखाना कसा पोसणार. मग क्नूड लँगलंड यांनी पेपर विकत घेतला, रसीन शहरात हलवला, नाव बदलून ‘डेमोक्राटेन’ केलं आणि १८५१ मध्ये तोही बंद. चार-पाच वर्षांत सगळा खेळ आटोपला.

तुमच्या लेखकाने मोठं उदाहरण दिलंय ते आयोवातल्या ‘डेकोरा-पोस्टेन’चं, तो १८७४ ते १९७२ चालला आणि राजकारणापासून लांबच राहिला हे खरं. पण त्याच्यावरून राजकारण करणारा पेपर टिकत नाही असं जे सुचवलंय ते चूक आहे. कारण हेच लँगलंड १८६६ मध्ये शिकागोच्या ‘स्कँडिनेवेन’चे पहिले संपादक झाले आणि तो पेपर राजकारणात चांगला बुडालेला असूनही थेट १९४१ पर्यंत निघाला. तेव्हा पुरवणीत जागा असली तर लँगलंड यांच्यावर एक वेगळा लेख येऊ द्या ही विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक, नाशिक