डब्लिनच्या काचा, पुण्याचं फर्ग्युसन

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर निम्मा वेळ ‘ऐकू येतंय का’ मध्येच जातो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. शनिवारी एका वॉकला गेले होते. आपल्याकडे शनिवारवाडा-कसबा हेरिटेज वॉक असतो तसाच, फक्त इथे सगळा इतिहास बायकांचा. गाइडबाई साठीच्या असतील, पण चाल अशी की आम्हीच मागे पडत होतो.

सुरुवात सेंट स्टीफन्स ग्रीन बागेतून. तिथे कॉन्स्टन्स मार्किएविच यांचा अर्धपुतळा आहे. आयर्लंडमधल्या इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या उठावात या बाई याच बागेत बंदूक घेऊन उतरल्या होत्या. मृत्युदंड झाला, पण बाई म्हणून तो जन्मठेपेवर आला. १९१८ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली पहिली स्त्री म्हणजे ह्याच, आणि निवडून येऊनही त्या तिथे जाऊन बसल्या नाहीत! बाबा, ही बाई तुम्हाला आवडणार.

त्याच बागेत एक बाक आहे, मॅग्डलेन लाँड्र्यांमधल्या बायकांच्या आठवणीत. घराची अब्रू गेली म्हणून कितीतरी मुलींना नन्सच्या त्या धोबीघरांत डांबलं जायचं आणि फुकट राबवलं जायचं. शेवटचं धोबीघर १९९६ मध्ये बंद झालं. म्हणजे मी शाळेत होते तेव्हा. त्यावर फार लिहवत नाही.

तिथून डब्लिन कॅसल. इंग्रजांचा इथला कारभार याच वाड्यातून चालायचा. बायकांना मताचा हक्क मिळेना म्हणून १९१२ मध्ये हॅना शीही स्केफिंग्टन यांनी इथल्या खिडक्यांच्या काचा फोडल्या, तुरुंगात गेल्या, शिकवण्याची नोकरीही गेली. पुढच्याच वर्षी काचा फोडून तुरुंगात गेलेल्यांत होत्या मार्गारेट कझिन्स. आणि इथे मी गाइडबाईंना मध्येच थांबवलं, कारण हे नाव मला ठाऊक होतं. याच बाई १९१५ मध्ये भारतात आल्या, मद्रासकडे राहिल्या, आणि त्यांच्याच खटपटीतून अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, जानेवारी १९२७ मध्ये, आपल्या फर्ग्युसन कॉलेजात! गाइडबाईंना पुण्याचं काही माहीत नव्हतं. मग पुढचा रस्ताभर मीच बोलत होते.

मूर स्ट्रीटवर त्यांनी एक जुना फोटो दाखवला. १९१६ चा तो उठाव फसल्यावर त्याचे नेते पॅट्रिक पिअर्स इंग्रज सेनापतीसमोर शरण येतायत. पांढरं निशाण घेऊन गोळीबारात निरोप पोचवणारी नर्स एलिझाबेथ ओ’फॅरल त्यांच्या पलीकडेच उभी आहे, पण पिअर्सच्या कोटाखाली दिसतात फक्त तिची पावलं. फोटोच्या काही प्रतींत तर तीही पुसून टाकलेली. मी जवळ जाऊन पाहिलं: दिसणाऱ्या माणसांच्या मानाने पाय जरा जास्त आहेत.

आई, एक खास तुझ्यासाठी. इथे १९७३ पर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईचं लग्न झालं की राजीनामा द्यावा लागायचा, बऱ्याच बँकांतही तोच रिवाज. तू लग्नानंतर, माझ्यानंतर, आजीची कुरकुर ऐकूनही बँकेत जात राहिलीस. मी मात्र युरोप म्हणजे पुढारलेला असं धरूनच इथे आले होते. अर्थात नाक वर करायला नको. आपल्या परराष्ट्र सेवेतल्या असल्याच नियमांविरुद्ध तिथल्याच अधिकारी मुथम्मांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं होतं, तेही १९७९ मध्ये. बाबांनीच सांगितलं होतं.

जूनमध्ये याल तर हाच वॉक परत करू. वाटेत बसायला जागा आहेत आणि शेवटचा टप्पा ट्रॅमने उरकता येतो, त्यामुळे गुडघ्यांचं कारण चालणार नाही.

बाबा, फर्ग्युसनच्या लायब्ररीत १९२७ च्या त्या अधिवेशनाचा काही अहवाल मिळतो का, तेवढं विचारून ठेवाल? गाइडबाईंना कबूल करून बसले आहे. आणि आई, मेतकूट संपलंय.

तुमची,
मनू