मित्रास पत्र: आईंच्या कॅसेट

प्रिय विन्या,

इतके महिने पत्र नाही, त्याबद्दलच्या शिव्या राखून ठेव. बीपी गोळीवर ठीक आहे. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. घर विकताना तुझ्या आईंनी माझ्याकडे दिलेल्या, दूरदर्शनवरच्या 'सुरभि' कार्यक्रमाच्या व्हिडिओ कॅसेट माळ्यावरून काढल्या, तर त्यांना बुरशी लागली आहे.

कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं की टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. सांगलीतला दुरुस्तीवाला म्हणतो, कॅसेट उघडून साफ केल्याशिवाय मशीनमध्ये घालायचीच नाही. बुरशी मशीनच्या टेप वाचणाऱ्या हेडवर बसते, पुढच्या कॅसेटलाही लागते आणि टेप चिकटली असेल तर तुटते. नवा व्हीसीआर मिळायचा नाही. शेवटपर्यंत ते बनवणाऱ्या फुनाईनं २०१६ सालीच काम थांबवलं.

लोकांना वाटेल, एवढं काय? तुला तसं वाटणार नाही. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे कुठल्या कुठल्या गावचे विणकर, कुंभार, नाच दाखवायचे, आणि मग आपण सायकली काढून सितारमेकर गल्लीत जायचो. मिरजेत जन्म गेला, पण भोपळ्याचा तंबोरा कसा होतो ते आपण त्यानंतर पाहिलं. तंबोरा बनवणारे चाचा तारांखालची घोडी घासून जवारी, म्हणजे तो घुमणारा झंकार, काढायचे, तारेखाली दोरा केसभर सरकवायचे, कान लावायचे, पुन्हा सरकवायचे. तू तर शाळा बुडवून बसायचास. त्या कार्यक्रमानं आपल्याला आपलंच गाव दाखवलं, म्हणून या टेपा मला जाऊ द्यायच्या नाहीत.

एका कॅसेटवर आईंच्या अक्षरात लिहिलंय, 'सुरभि. पुसू नये.' आणि तीवरच तू २२ एप्रिल १९९८ ची शारजाची मॅच घेतलीस! सचिनचे १४३ मलाही पाठ आहेत, पण ते दुसऱ्या कॅसेटवर मावले असते. हे भांडण मी मरेपर्यंत चालवणार आहे.

आणि 'सुरभि'तल्या प्रश्नांच्या उत्तरांची ती पोस्टकार्डं! एका आठवड्यात १४ लाखांवर पत्रं गेल्याची लिम्का बुकात नोंद आहे, त्यात आपलीही. १५ पैशांचं कार्ड जाऊन स्पर्धेसाठी २ रुपयांचं आलं तेव्हा तुझे बाबा केवढे तापले होते. पत्ता कुणाच्या अक्षरात, यावरून तू माझ्याशी अबोला धरलास, तेही विसरलेलो नाही.

यूट्यूबवर काही तुकडे सापडतात, व्हायोलिनवाल्या एल. सुब्रमण्यमची ती सुरुवातीची धूनही. पण आईंनी घेतलेले भाग मला सापडले नाहीत. दुरुस्तीवाला आधी एकच कॅसेट करून बघू म्हणतो, आणि ती गेली तर गेली. माझा हात धजत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिमीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

आईंना आजच विचार, आधी कुठली द्यायची. आणि शारजावाली तरी आधी देऊ नको असं त्यांनी म्हणावं, एवढी माझी बाजू मांड.

तुझा,
सुध्या