अल्मोनरची कॉलर

पुणे, रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. वाचल्यावर लगेच फोन उचलावासा वाटला, पण फोनवर तू मध्येच तोडशील आणि मला जे सांगायचंय ते अर्धंच राहील, म्हणून सवडीने लिहायला बसलोय.

तू लिहितोस की तुमच्या फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे बंधुसंघाच्या शाखेत, सीनियर डीकनचं वर्ष नीट पार पडलं, आता ज्युनियर वॉर्डनची कॉलर, म्हणजे त्या पदाची पट्टी, गळ्यात पडणार असं सगळेच धरून चालले होते. आणि होऊ घातलेले मास्टर, म्हणजे लॉजचे प्रमुख, घरी येऊन म्हणाले, 'यंदा तुम्ही अल्मोनर व्हा.' म्हणजे बांधवांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या अडीअडचणी बघणारा अधिकारी. तुला हे बाजूला सारल्यासारखं वाटलं. 'शिडीवरून उतरवलं' हे तुझेच शब्द. तू चिडलायस, हे अक्षरावरूनही कळतंय. माझं मत मात्र अगदी उलट आहे.

आधी त्या शिडीचं बोलू. स्टुअर्ड, इनर गार्ड, ज्युनियर डीकन, सीनियर डीकन, दोन वॉर्डन आणि मग पूर्वेची, म्हणजे मास्टरची खुर्ची, हा पदांचा क्रम रूढीने पडलाय, नियमाने नव्हे. नियम एवढंच म्हणतो की मास्टर होणाऱ्याने वॉर्डन म्हणून पूर्ण वर्ष काम केलेलं असावं आणि बांधवांनी त्याला मतपेटीतून निवडावं. ट्रेझररही निवडूनच येतो. बाकी बहुतेक नेमणुका मास्टरच्या हातात असतात, आणि चांगला मास्टर त्या करताना पुढचा नंबर कुणाचा हे बघत नाही, कुठल्या कामाला कोण लागेल हे बघतो. तुमच्याकडे या वेळी तसं झालेलं दिसतंय.

मी स्वतः खुर्चीत बसलो तेव्हा मला वाटायचं, मास्टरचं काम म्हणजे रिच्युअल, ठरलेले विधी. पानंच्या पानं पाठ करायची, लॉज उघडायचं, उमेदवाराला डिग्री, म्हणजे दीक्षेची पायरी द्यायची, गॅव्हल, म्हणजे लाकडी हातोडा, वेळेवर वाजवायचा. ते करावंच लागतं आणि नीट करावं लागतं. पण वर्षभरात कळलं की मास्टरचं खरं वजन लॉजच्या वॉरंटमध्ये, म्हणजे लॉज चालवायच्या परवान्यात आहे. इन्स्टॉलेशनच्या, म्हणजे नवा मास्टर पदावर बसवण्याच्या दिवशी तो कागद हातात देतात आणि बजावतात की जसा मिळाला तसा निष्कलंक पुढच्याच्या हाती द्या. लॉजमध्ये मास्टरने दिलेला निर्णय त्या सभेपुरता अखेरचा असतो, कुणी वाद घालत नाही. म्हणून तर त्याने फार थोडे निर्णय द्यावेत. मी पाहिलेले सगळ्यात चांगले मास्टर गॅव्हल जपून वापरत, आणि दोन बांधवांचं बिनसलं तर सभेच्या आधी दोघांना वेगवेगळं घरी बोलावून चहा पाजत. आत राजकारण आणि धर्माचा वाद नको हा आपला जुना दंडक. तो पाळला जातो तो अशा चहामुळे.

वॉर्डनांचं तुला ठाऊक आहेच, तरी ज्युनियर वॉर्डनकी हुकली म्हणून तू हळहळतोयस तर सांगतो. दक्षिणेला बसून सूर्य माथ्यावर आला की बांधवांना कामावरून विसाव्याला बोलवायचं, विसाव्यानंतर पुन्हा कामाला आणायचं. त्याच्या पुढ्यातला छोटा खांब विसाव्याच्या वेळी उभा होतो, सीनियर वॉर्डनचा आडवा होतो. काम सुरू झालं की उलट. बाहेरच्या लॉजमधून आलेला पाहुणा खरोखर मेसन आहे ना, हे तपासण्याची जबाबदारीही त्याची. पश्चिमेच्या सीनियर वॉर्डनचं एक कर्तव्य मला फार आवडतं: लॉज बंद करण्याआधी प्रत्येक बांधवाला त्याचं जे देणं होतं ते मिळालं ना, हे पाहणं. हे वाक्य आपण दर सभेला ऐकतो. पुढे त्यावर येतोच.

ट्रेझरर हिशेब ठेवतो, तपासून घेतो. डायरेक्टर ऑफ सेरेमनीज मिरवणूक आणि मानाचा क्रम सांभाळतो. चॅप्लेन प्रार्थना म्हणतो. आपल्या ग्रँड लॉजच्या, म्हणजे सगळ्या लॉजच्या वरच्या संस्थेच्या, वेदीवर गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथ साहिब आणि झेंद अवेस्ता असे पाच ग्रंथ असतात, तेव्हा आपल्याकडच्या चॅप्लेनने एकाच धर्माचा सूर लावून भागत नाही. डीकनच्या कामाबद्दल तुला काय सांगू? डोळे झाकलेल्या नवख्या माणसाचा हात धरून त्याला चालवताना त्याची बोटं कशी थरथरतात, हे या वर्षी तू अनुभवलंस. तुझ्या मास्टरांनी बहुधा नेमकं तेच पाहिलं असणार.

सेक्रेटरीबद्दल मात्र थोडं थांबून लिहितो, कारण तुझं पुढचं सगळं काम त्याच्या वहीतून सुरू होणार आहे. समन्स म्हणजे सभेचं बोलावणं पाठवणं, मिनिट्स म्हणजे सभेचा वृत्तांत लिहिणं, ग्रँड लॉजला वार्षिक विवरण देणं, वर्गणीची आठवण करणं. हे सगळं बसल्याजागी, बिनबोभाट आणि वर्षानुवर्षं. चांगला सेक्रेटरी मिळणं किती अवघड असतं बघ: लाहोरच्या 'होप अँड पर्सिव्हिअरन्स' लॉजने १८८६ मध्ये लेखक रुडयार्ड किपलिंगला वयाची अट शिथिल करून घेतलं. वय हवं होतं २१, तो होता २० वर्षांचा, आणि लॉजला हवा होता एक लिहिता सेक्रेटरी. मास्टर दर वर्षी बदलतात, पण लॉजची आठवण सेक्रेटरीच्या कपाटात राहते. कोण किती सभा आला नाही, कुणाची वर्गणी थकलीय, कुणाचा पत्ता बदललाय, हे सगळ्यात आधी त्याला कळतं. तुला या तिन्ही गोष्टी लागणार आहेत.

आता टायलर. दाराबाहेर, उपसलेली तलवार घेऊन, आतलं काहीही न बघता उभा राहणारा माणूस. आत सगळ्यांच्या गळ्यात कॉलर, फेस्टिव्ह बोर्डला, म्हणजे सभेनंतरच्या जेवणाला टोस्ट, भाषणं, आणि हा बाहेर व्हरांड्यात. पूर्वी लंडनच्या खानावळींमधून लॉज भरायचे तेव्हा जमिनीवर खडूने लॉजची आकृती काढणं आणि सभा संपली की ती पुसून टाकणं हेही त्याचंच काम होतं. तू चिडलायस म्हणून मुद्दाम अँथनी सेयरची गोष्ट सांगतो. १७१७ साली लंडनच्या गूज अँड ग्रिडआयर्न मद्यालयात चार लॉज एकत्र येऊन ग्रँड लॉज झाल्याचं आपण मानतो. तिचा पहिला ग्रँड मास्टर हा सेयर. त्याच्या वर पायरीच नव्हती. पुढे त्याचे दिवस फिरले. १७२४ मध्ये त्याने ग्रँड लॉजकडे मदतीचा अर्ज केला, १७३० मध्ये पुन्हा केला आणि धर्मादाय निधीतून त्याला १५ पौंड मिळाले. आणि मग हाच माणूस ओल्ड किंग्ज आर्म्स लॉजमध्ये टायलर झाला. जो एकदा सगळ्यांच्या वर बसला होता तो दाराबाहेर उभा राहिला, आणि कुणी त्याला कमी लेखलं नाही. १७४२ च्या जानेवारीत त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा बंधुसंघातले मोठमोठे लोक तिच्यात चालत गेले.

मला या गोष्टीत दोन माणसं दिसतात. एक सेयर. दुसरा तो, ज्याने त्याचा अर्ज पुढे नेला. त्याचं नाव मी कुठे वाचलेलं नाही. पण कुणीतरी सेयरच्या दारात गेलं असेल, त्याची परिस्थिती डोळ्यांनी पाहिली असेल, आणि समितीसमोर त्याचा मान राखून बोललं असेल. ते काम आज अल्मोनरचं आहे. इतर सगळे अधिकारी बंद दाराच्या आत काम करतात. दाराबाहेर काम करणारे दोघेच, टायलर आणि तू.

तुझ्या कॉलरला जी थैली लटकेल तिच्यावर हृदय कोरलेलं असतं. नीट बघ ती. आणि आपली पहिली रात्र आठव. ईशान्य कोपऱ्यात उभं करून दानाबद्दल आपल्याला काय विचारलं होतं, आणि आपल्याकडे काय होतं? मी जास्त लिहीत नाही, तुला कळलं. मास्टर ते शब्द वर्षातून काही वेळा उच्चारतो. अल्मोनरला ते रोज पाळायचे असतात.

मी खुर्चीत असतानाची एक गोष्ट सांगतो, नाव सांगणार नाही. आमच्याकडचे एक ज्येष्ठ बांधव, निवृत्त, जवळजवळ अर्धं आयुष्य लॉजमध्ये घालवलेले, यायचे बंद झाले. सेक्रेटरीने स्मरणपत्रं पाठवली, उत्तर नाही. सभेत कुणीतरी म्हणालं, रुसले असतील. आमचे अल्मोनर त्यांच्या घरी गेले. नुसतेच गेले, लॉजचा विषय काढला नाही, दुसऱ्यांदाही काढला नाही. पुढे कधीतरी गृहस्थ आपणहून बोलले. रात्री उशिरा एकट्याने परतायची भीती वाटायची, आणि बायकोच्या आजारपणात पैसे गेल्यामुळे वर्गणी थकली होती. थकबाकीदार म्हणून आत बसायची लाज वाटत होती. अल्मोनरांनी मला सांगितलं, ट्रेझररला फक्त आकडा सांगितला. निधीतून वर्गणी भरली गेली. त्यांच्याच भागात राहणारा एक तरुण बांधव त्यांना गाडीतून आणू-सोडू लागला, त्यालाही कारण माहीत नव्हतं. पुढच्या सभेला ते आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसले. मिनिट्समध्ये यातली एक ओळ नाही. सीनियर वॉर्डन म्हणतो ना, प्रत्येकाला त्याचं मिळालं? त्या रात्री ते वाक्य खरं होतं, आणि ते खरं करणारा माणूस भिंतीकडच्या रांगेत गप्प बसला होता.

आणखी एक बाजू आहे, जिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. आपल्या घरच्यांना लॉजबद्दल काय माहीत असतं? महिन्यातून एका संध्याकाळी नवरा काळा कोट घालून बॅग घेऊन जातो, एवढंच. गावोगावी लोक आपल्या इमारतींना जादूघर म्हणतात, भुताचा बंगला म्हणतात. मग एके दिवशी तो माणूस जातो. स्मशानात खूप बांधव येतात, खांद्यावर हात ठेवतात, 'काही लागलं तर सांगा' म्हणतात. पुढे फोन येईनासे होतात. त्या बाईला कुणाचा नंबरही माहीत नसतो. तिच्या दृष्टीने लॉजचा चेहरा म्हणजे मास्टर नव्हे, ग्रँड मास्टर नव्हे, तर सहा महिन्यांनीही दारात येणारा अल्मोनर. फॅमिली पेन्शनचा अर्ज, बँकेतलं नॉमिनीचं काम, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. या कामांना पैसा लागत नाही, सोबत लागते.

पैशाबद्दल एक स्पष्ट सांगतो. तू कुणाला रकमेचा शब्द देऊ नकोस. लॉज म्हणजे विमा नव्हे, आणि काही मिळवायच्या आशेने आपण आलेलो नाही हे प्रत्येकाने प्रवेशाच्या वेळी सांगितलेलं असतं. गरज किती आहे ते स्वतः बघ, कागद बघ, मग मास्टरशी बोल. मोठी गरज असेल तर रीजनल ग्रँड लॉजपर्यंत जाता येतं. पण ऐकलेलं तिसऱ्या कानाला जाता कामा नये. आत आपण ज्या गुप्ततेच्या शपथा घेतो त्यांची खरी कसोटी मला इथेच लागताना दिसते. हस्तांदोलनाची गुपितं आज कुठेही छापून मिळतात, एका माणसाच्या अडचणीचं गुपित मात्र तुझ्याजवळच राहायला हवं.

आणि दाराचाच विषय निघालाय म्हणून: आपल्यासारख्यांना हे दार कसं उघडलं ते विसरू नकोस. मुंबईचे पारशी गृहस्थ माणेकजी करसेटजी यांना तिथल्या लॉजने घेतलं नाही, त्यांना पॅरिसला जाऊन मेसन व्हावं लागलं. मग स्कॉटिश मेसन डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज उभं राहिलं, भारतीयांना प्रवेश देण्यासाठीच. बाहेर राहिलेल्याची आठवण कुणीतरी ठेवली, म्हणून तू आणि मी आत बसतो.

तेव्हा कामाचं बोलतो. इन्स्टॉलेशनच्या आधीच सेक्रेटरीकडे जा आणि तीन याद्या उतरवून घे: तीन सभांपेक्षा जास्त गैरहजर असलेले, सत्तरीच्या पुढचे, आणि गेल्या दहा वर्षांत दिवंगत झालेल्यांची कुटुंबं. तिसरी यादी बहुतेक तयार नसेल, जुन्या मिनिट्समधून काढावी लागेल. साधी वही कर, फोनमध्ये नको. पहिल्या महिन्यात फक्त भेटी घे, काही देऊ नकोस, काही विचारू नकोस. वहिनींना बरोबर ने, त्यांची तयारी असेल तर. एकटा पुरुष दारात आला की वयस्क बायका संकोचतात, आणि वहिनी पाच मिनिटांत स्वयंपाकघरापर्यंत पोचतात हे मी पाहिलंय. दर सभेला अल्मोनरचा अहवाल मागतात तेव्हा 'काही विशेष नाही' म्हणून बसू नकोस. नावं न घेताही सांगता येतं, की एक बांधव इस्पितळात आहेत, संध्याकाळी सहानंतर भेटायला जाता येतं.

आणि हो, हे एका वर्षाचं काम नाही. मास्टरांना आताच सांगून ठेव की तुला निदान तीन वर्षं हवीत. लोकांचा विश्वास बसेपर्यंत पहिलं वर्ष जातं. वॉर्डनची खुर्ची त्यानंतरही तिथेच असेल. तेव्हाही ती हवीशी वाटली तर मी स्वतः तुमच्या मास्टरांशी बोलेन.

इन्स्टॉलेशनला मी येतोय, आदल्या रात्रीच्या गाडीने. सकाळी तुझ्याकडे अंघोळ-नाश्ता, आणि सभा संध्याकाळी, म्हणजे मधला दिवस मोकळा आहे. त्या तिसऱ्या यादीतलं एखादं घर जवळपास असेल तर आपण दोघं दुपारी जाऊन येऊ. आधी फोन करून विचारून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती