क्रूझआधी आईचा पासपोर्ट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

क्रूझ ४ डिसेंबरची ठरली. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनहून निघून मेक्सिकोच्या कोझुमेलला जायचं आणि पाचव्या दिवशी परत. सहल छोटी असली, तरी गॅल्व्हस्टनला उतरताना तुम्ही नव्याने अमेरिकेत शिरणार आहात, विमानतळावर शिरता तसेच. कागद त्याच हिशोबाने लागतात. शेजारचे काका म्हणाले ना, जन्मदाखला आणि लायसन्सवर काम होतं? ते खरं आहे, पण फक्त अमेरिकन नागरिकांसाठी. आपल्याला पासपोर्ट आणि व्हिसा, दोन्ही मूळ प्रती हव्यात. झेरॉक्सवर जहाजात चढू देत नाहीत आणि तिकिटाचे पैसेही बुडतात.

सगळ्यात आधी आईचा पासपोर्ट. तो एप्रिलमध्ये संपतोय आणि क्रूझवाल्यांना परतल्यानंतर ६ महिने मुदत शिल्लक हवी असते. म्हणून आत्ताच री-इश्यूचा अर्ज भरा. ३६ पानांचे साधे १,५०० रुपये, तत्काळचे ३,५००. लोअर परळच्या केंद्रात अपॉइंटमेंट मिळाली तर दादरहून सोपं पडेल. जुना पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या सही केलेल्या झेरॉक्स आणि आधार बरोबर ठेवा. पत्ता बदललेला नाही, तरी पोलीस पडताळणी लागू शकते, त्यामुळे हाताशी वेळ हवा.

आईचा अमेरिकेचा व्हिसा त्याच पासपोर्टात आहे, हे काउंटरवर आठवणीने सांगा. जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात. व्हिसाचं पान शाबूत असलं की व्हिसा त्याच्या तारखेपर्यंत चालतो. फक्त यापुढे आईने दोन्ही पासपोर्ट बरोबर घेऊनच फिरायचं. जुना ‘आता काय कामाचा’ म्हणून कपाटात राहतो आणि लोक तिथेच अडकतात. नवा नंबर आला की लगेच कळवा, बुकिंगमध्ये तो बदलावा लागेल.

बाबा, तुमचा पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर दुसरा आणि चौथा शनिवार सोडून जा. व्हिसावर ‘एंट्रीज’खाली ‘एम’ आहे ना, ते बघा. म्हणजे अनेकदा प्रवेश करता येतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असता तर क्रूझची पंचाईत झाली असती. मेक्सिकोचा वेगळा व्हिसा मात्र लागत नाही, अमेरिकेचा चालू व्हिसा तिथे पुरतो. बेत कोझुमेलचा केला तो म्हणूनच.

नावाचंही सांगते. आईच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात तिचं आणि बाबांचं नाव एकत्र आहे. बुकिंग मी तसंच केलंय. नवा पासपोर्ट करताना त्यात एका अक्षराचाही बदल नको.

ह्यूस्टनला उतरल्यावर अधिकाऱ्याने विचारलं तर क्रूझचं सरळ सांगा. मुक्कामाची मुदत व्हिसावर नसते, आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असते. ती मी त्याच दिवशी डाउनलोड करून छापून ठेवेन. मेक्सिकोला जाऊन आलं की पुन्हा ६ महिने मिळतात, असं धरून चालू नका. भारतात परतीचं विमान पहिल्या आय-९४ वरच्या तारखेच्या आतलंच राहील.

बंदरावर हमाल मोठ्या बॅगा घेतात आणि त्या खोलीवर काही तासांनी पोचतात. पासपोर्ट त्यात गेले तर चेक-इनच होत नाही. पासपोर्ट, आय-९४, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी आईच्या खांद्यावरच्या पिशवीत. गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या, डबीत सुट्या काढू नका.

विमा घेताना एजंटला स्पष्ट विचारा: मेक्सिको आणि जहाजावरचा डॉक्टर यात धरलाय का? जहाजावर तपासणीचं बिल वेगळं लागतं आणि ते डॉलरमध्ये असतं.

पासपोर्टची अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते आज रात्री फोनवर सांगा.

तुमची लेक