घरातली रोकड : रविवारची बैठक

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता दांडिया बाजारच्या आपल्या हॉलमध्ये बैठक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला, वीज गेली, फोन बंद पडले आणि दूधवाल्याला द्यायला कित्येकांकडे सुट्टे नव्हते. म्हणून आधीच सांगतो:

- आठवड्याचं दूध, भाजी, औषधं, रिक्षा भागेल एवढी रोकड घरी ठेवा. 10, 20, 50 च्या नोटा जास्त. बाकी पैसे बँकेतच बरे.
- नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या फळीवर ठेवा. जागा विश्वासातल्या एकाला तरी माहीत हवी. एकटे राहणाऱ्यांनी हे जरूर करावं.
- फाटकी नोट बँकेत बदलून घ्या.

बैठकीला रोकड आणू नये, घरी किती आहे हेही कुणी विचारू नये.

– सचिव